चौदा पडले की विमान दुरुस्त!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यात महिना गेला. आणि आता बसलोय तोही भांडायला. भांडण नातवाशी आहे. सौ. म्हणते घरातली भांडणं घरात ठेवा. पण तुम्ही तरी परके कुठे आहात!

मुलाची नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, म्हणून आम्ही दोघं म्हातारे पुणे रस्त्याला त्याच्याकडे राहतो. लेकीचा मुलगा सुट्टीत पुण्याहून येतो. वय वर्षे पंधरा. यंदा तो आणि त्याचे चार मित्र मोबाईलवर एकत्र बसून एक खेळ खेळताहेत. हा खेळ पटावरचा नाही, बोलण्यातला. अणुयुद्धात जग संपलंय, उरलेली माणसं भंगार वेचून जगताहेत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू. वर्गात मी नाट्यीकरण करून घ्यायचो, त्याचाच हा चुलत भाऊ.

मग त्याने वही दाखवली. त्यात विमानाचं चित्र. फार सुरेख काढलंय. अमेरिकन सैन्याचं व्ही-२२ ऑस्प्रे. पंखांच्या टोकांना मोठे पंखे, ते वर वळवले की हेलिकॉप्टरसारखं सरळ उभं उठतं, पुढे वळवले की विमानासारखं धावतं. याला टिल्टरोटर म्हणतात. धावपट्टीची गरजच नाही. (आपल्या होटगी रोडच्या विमानतळासाठी २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली, त्यावरून गावात केवढं रण पेटलं होतं! हे विमान आधी मिळालं असतं तर चिमणी वाचली असती, असं मी म्हणालो. तो हसला नाही.) 'फॉलआउट' नावाच्या अमेरिकन कॉम्प्युटर खेळात असलंच एक यान आहे, १९९८ च्या दुसऱ्या भागापासून. कल्पना तिथली. नातवाने त्याला सोलापुरी केलं. आत चोवीस सैनिकांच्या जागी धान्याची पोती, बाहेरून ट्रकचे पत्रे ठोकलेले, आणि इंधन म्हणून उसाच्या मळीचं अल्कोहोल.

"पण हे भंगारातून पुन्हा चालू कसं झालं?" मी विचारलं.

"दुरुस्तीला चौदा लागतात आजोबा. मला सोळा पडले."

इथे माझं डोकं फिरलं.

या विमानाचं पहिलं उड्डाण १९८९ चं. सैन्यात ते कामाला लागलं २००७ मध्ये. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाला अठरा वर्षं लागली, आणि वाटेत माणसं गेली. २००० सालच्या एप्रिलमध्ये ॲरिझोनात एकाच अपघातात १९ जण. पुढे २९ नोव्हेंबर २०२३ ला जपानच्या याकुशिमा बेटाजवळ एक ऑस्प्रे समुद्रात कोसळलं, आतले आठही जण गेले. त्यानंतर अमेरिकेने ही विमानं मार्च २०२४ पर्यंत जमिनीवर ठेवली. आणि चौकशीत काय निघालं? गिअरबॉक्समधला एक गिअर तडकून तुटला. तेलात धातूचे कण येताहेत, असा इशारा त्या उड्डाणात पुन्हा पुन्हा मिळत होता.

हे मी नातवाला नुसतं सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून फासे टाकले असते. म्हणून त्याला स्कूटरवर मागे बसवून (हो, मुलाला न विचारता) एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये नेलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्याची शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुनं हॉबिंग मशीन. त्याने हात पुसले, वाकून नमस्कार केला आणि चहा मागवला. याकुशिमाची गोष्ट ऐकून म्हणाला, "सर, तेलात कीस आला की मशीन बंद करायचं. पहिल्या दिवशी पोराला हेच शिकवतो." मग नातवाला विचारलं, "गिअर मी कापीन. पण पोलाद कुठलं देणार? त्यात बारीकसा कचरा राहिला असेल तर कोण बघणार? हीट ट्रीटमेंट कुठे करणार, जग संपलंय ना?"

नातू गप्प. मीही गप्प, पण वेगळ्या कारणाने.

हा मुलगा नववीत असताना मी त्याला सगळ्या वर्गासमोर म्हणालो होतो, "असाच राहिलास तर आयटीआयला जाशील." जणू काळ्या पाण्याची शिक्षा! तो गेला आयटीआयला. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला आठवतं. पस्तीस वर्षं मी फळ्यावर 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द लिहिला आणि तोंडाने हे बोललो. तेव्हा नातवाच्या खेळाला दोष देताना माझाही कान मी पिळतो आहे.

तुम्ही म्हणाल, अहो खेळ आहे, एवढं काय मनाला लावून घेता. मंडळी, खेळातला राक्षस, जादू, उडता गालिचा, मला सगळं चालतं. पण हा खेळ म्हणतो की मी खरं जग दाखवतो, गंजलेलं आणि भुकेलेलं. आणि त्या जगात बंदूकवाल्याची पंधरा कौशल्यं मोजलेली, भाला वेगळा, पिस्तूल वेगळं. दुरुस्ती मात्र एकच! लोहार, फिटर, वायरमन, टर्नर सगळे एका फाशात बसवले. हे अमेरिकेतल्या लेखकाचं अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपणही मुलांना हेच शिकवतो.

परतताना नातू चिडून म्हणाला, "मग जग संपल्यावर काय चालेल, सायकल?"

"हापसा," मी म्हणालो.

आमच्या जिल्ह्याने एकदा थोडंफार जग संपताना पाहिलंय. १९७२. मी तेव्हा बी.ए.ला होतो, सुट्टीत दुष्काळी कामावर हजेरी लिहायला जायचो. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल मिलो. मिलो खाल्ली, उपकार नाकारत नाही. पण पाणी काही बोटीतून येत नव्हतं. बोअर पाडले, त्यावर ओतीव लोखंडाचे हापसे बसवले. ते मुळात परदेशात एकेका कुटुंबासाठी घडवलेल्या हापशांच्या नकला होते, आणि इथे अख्खं गाव दिवसभर त्यावर लोंबकळणार. पटापट मोडले. त्या काळात सगळ्यांत टिकला तो पोलादी 'सोलापूर पंप', स्वतःच्या हाताने शिकलेल्या एका मिस्त्रीच्या डोक्यातून निघालेला. पुढे युनिसेफ आणि इंजिनिअरांनी त्याच्यावरूनच 'इंडिया मार्क २' हापसा बनवला. तो देशभर गेला, आफ्रिकेतही गेला. सोलापूर म्हटलं की चादर आणि शेंगाचटणी सांगतो आपण. हे कोणी सांगतं का? मीही वर्गात कधी सांगितलं नाही.

रात्री नातवाने हापसा खेळात घेतला. दुरुस्तीला आठ पुरे, असा नियम केला. का, तर सोपा आहे म्हणून! पुन्हा भांडण. शेवटी ठरलं की हापशाच्या दुरुस्तीला किती लागतात ते शेडवाल्याला विचारायचं. त्याने रविवारी सकाळी आठला बोलावलंय, एक गिअर नातवाच्या हातून कापून घेणार म्हणतो. सौ.ने त्याच्यासाठी माझा जुना शर्ट काढून ठेवलाय, तेलाचे डाग पडले तरी चालतील असा.