स्लॅबखालची काळी माती



पावसाळा सरत आला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एकच मागणी कानावर येते : डांबर पुरे झाले, सिमेंटचा रस्ता द्या. नेतेमंडळी नारळ फोडायला तयारच असतात. मेहकर, सिंदखेडराजा भागातून काँक्रीटचा समृद्धी महामार्ग गेल्यापासून तर सिमेंट म्हणजे कायमचा इलाज, हा समज पक्का झाला आहे. माझा त्याला विरोध आहे.

आपला रस्ता वरून नाही, खालून फाटतो. जी काळी माती कपाशीला मानवते तीच रस्त्याची वैरीण. तिच्यातले माँटमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. मातीची ताकद मोजणाऱ्या सीबीआर चाचणीत नमुना चार दिवस पाण्यात भिजवतात. भिजलेली काळी माती त्यात बहुधा २-३ टक्क्यांवरच थांबते. त्यातही रस्त्याची कड आधी भिजते, मध्य कोरडाच राहतो. म्हणून साइडपट्टीलगत लांबच लांब उभ्या भेगा दिसतात. डांबर निदान थोडे वाकून घेते. काँक्रीटला ते जमत नाही. खालचा आधार सुटला की टिप्परच्या चाकाखाली स्लॅबचा कोपरा मोडतो. डांबरी खड्डा गिट्टी-डांबराने बुजतो, मोडलेला स्लॅब मात्र फोडूनच काढावा लागतो.

यावर उपाय नाही असे नाही. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा ०.६ ते १ मीटर थर द्या किंवा मातीत चुना मिसळा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शन आहेच. मोठ्या महामार्गाच्या स्लॅबखाली भराव, मुरूम, कोरड्या काँक्रीटचा थर असे बरेच काही असते. गावातल्या रस्त्यात यातले किती असते? जुन्या खडीवरच काँक्रीट ओतायचे, सांधे वेळेवर कापायचे नाहीत, मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस पाणी मारून मोकळे व्हायचे. वर रस्ता उंच झाल्याने पाणी लोकांच्या ओसरीत!

दुसरा प्रश्न वजनाचा. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून दिसले की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार वाढला १३ टक्के, झीज साधारण ६० टक्के. हे झाले कायद्यातले वजन. रेतीच्या ओव्हरलोड टिप्परचा हिशेब कोण करणार?

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला. कौतुकच आहे, पण तो वरच्या थराचा विक्रम होता. मला अधिक मोलाचा वाटतो तो ‘बुलढाणा पॅटर्न’ : तलाव-नाले खोल करून निघालेली माती, मुरूम महामार्गाच्या भरावाला. हेच गावरस्त्यांना का नाही? मुरूम चाळणीला व सीबीआरला उतरला की झाले. जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतनांनी अशा मुरुमाच्या आणि चुना मिसळलेल्या मातीच्या चाचण्या कराव्यात, दोन पावसाळे त्या रस्त्यांची मोजणी करावी.

तोवर एक साधी गोष्ट करता येईल. कामाच्या फलकावर खर्च नि ठेकेदाराचे नाव असते, त्याखाली मातीचा भिजवलेला सीबीआर, थरांची जाडी आणि पाण्याचा निचरा कुठे काढला तेही लिहावे. हे आकडे मिळेपर्यंत ग्रामसभेने सिमेंट रस्त्याचा ठराव करू नये.

– एक निवृत्त शाखा अभियंता, चिखली (जि. बुलढाणा)