गाठ काढली म्हणजे सुटलो?

आज टँकर आणि खड्ड्यांवर लिहीत नाहीये. विषय बायकांच्या छातीतल्या गाठीचा आहे. लाजायचं काही कारण नाही, पुरुषांनीही वाचा.

गेल्या वर्षी माझ्या जाऊबाईंची गाठ तीन महिन्यांत लिंबाची मोसंबी झाली. ऑपरेशन झालं. रिपोर्टात आलं, ‘फायलोड्स ट्यूमर, मॅलिग्नंट’. घरात सगळ्यांचं एकच, "गाठ काढली ना, सुटलो!" ऑपरेशन केलेल्या ठिकाणीही पुढचं कुणी बोललं नाही. रिपोर्ट घेऊन आम्हीच दुसरीकडे गेलो, तेव्हा रेडिएशनचं कळलं.

ही गाठ दुर्मिळ. स्तनाच्या शंभर गाठींत एकही नसते. तिचे तीन प्रकार : साधी, मधली आणि कॅन्सरची. साधी असेल तर नीट काढली की बहुतेक वेळा रेडिएशन लागत नाही. पण मधल्या आणि कॅन्सरच्या प्रकारात गाठ त्याच जागी परत येऊ शकते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४६ बायकांना स्तन वाचवून केलेल्या ऑपरेशननंतर रेडिएशन दिलं. साधारण पावणेपाच वर्षं लक्ष ठेवलं, एकीचीही गाठ त्या जागी परत आली नाही.

आता कुणी म्हणेल, अभ्यास छोटा आहे, रेडिएशनने आयुष्य वाढतं हे सिद्ध नाही. खरंय. म्हणून सरसकट सगळ्यांनी घ्या असं मी म्हणत नाही. पण घ्यायचं की नाही हे गाठीचा प्रकार, आकार आणि कडा मोकळ्या आहेत का, हे बघून रेडिएशनच्या डॉक्टरांनी ठरवायचं. शेजारच्या काकूंनी नाही, व्हॉट्सॲपने नाही आणि सूस खिंडीतल्या ट्रॅफिकने तर अजिबातच नाही!

हो, ट्रॅफिकच ठरवतं. मशीनखाली दहा-पंधरा मिनिटं, पण आठवड्याला पाच दिवस, पाच-सहा आठवडे. रोज रिक्षाचे पैसे, सोबतीला एका माणसाचा खाडा. उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो, पण जायचं-यायचं भाडं कोण देणार? मग बाईच म्हणते, "राहू दे, बरी आहे मी." घरच्यांना तेवढंच हवं असतं.

जून २०२१ मध्ये सूससकट २३ गावं महापालिकेत गेली. टॅक्स शहराचा भरतो ना आपण? मग रेडिएशनच्या पेशंटसाठी या भागातून रोज एक गाडी सोडा. मागणी मोठी नाहीये. पुढच्या वेळी मतं मागायला येतील त्यांना आधी हेच विचारा.

आणि घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर आज कपाटातून रिपोर्ट काढा. ‘फायलोड्स’ लिहिलंय का बघा. असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा, "रेडिएशन लागेल का? नसेल तर का नाही?"

विचारायला पैसे पडत नाहीत.