बंदूक शिकायची तर कोणापाशी?

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, मका दुधात आला की शिवारात जागल सुरू होते आणि जागलीबरोबर बंदुकीचे बोलणेही निघते. रानडुकरांचा कळप शिरला की सकाळी बांधावर उभे राहवत नाही. विदर्भात रोही हरभऱ्याच्या मुळावर आलेले. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या घराला चोराचिलटांची धास्ती निराळीच. मग कोणी पीकसंरक्षणाचा परवाना मागतो, कोणाच्या वाटणीला वडिलांची दुनळी येते. परवान्याला कोणते कागद लागतात हे सगळे विचारतात. बंदूक हातात धरायला शिकवणार कोण, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. म्हणून आज त्याविषयी.

2016 च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची आणि प्रमाणपत्राची तरतूद केली आहे. परंतु केवळ कागदापुरते शिकून येऊ नका. जिल्हाधिकारी कचेरीत कागद चालेल, अंधारात मचाणावर तो कामाला येणार नाही.

शिकवणारे साधारण दोन ठिकाणी भेटतात. एक, रायफल क्लबात. दुसरे, गावातले माजी सैनिक. क्लबात मुख्यतः कागदी निशाणावर नेमबाजी चालते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आला, तो हाच खेळ. रानडुकराशी त्याचा काही संबंध नाही, पण नवशिक्याने पहिले धडे तिथेच घ्यावेत असे माझे मत आहे. कारण तिथे हुकूम झाल्याशिवाय कोणी बंदुकीला हात लावत नाही आणि ती शिस्त अंगात मुरते. फौजी माणूस नेमाचा पक्का असतो, यात शंका नाही. मात्र त्याचे शिक्षण रायफलीवर झालेले, मागे मातीचा उंच बांध असलेल्या मैदानावर. तुमच्या घरी ठासणीची बंदूक असेल तर ती त्याने स्वतः वापरली आहे का, हे संकोच न करता विचारा. रागावला तर दुसरा शोधा.

पैसे भरण्याआधी एक तास नुसते बसून पाहावे. नेम किती लागतो याकडे बघूच नका. शिकवणारा बंदूक हातात घेतल्याबरोबर पहिले काम काय करतो, ते बघा. ती उघडून आत काही नाही ना याची खात्री करतो काय? नुकतीच दुसऱ्याने तपासून दिली असली तरी पुन्हा स्वतः तपासतो काय? बोलताबोलता नळीचे तोंड कोणाच्या पायाकडे, पोटाकडे वळते काय? बोट चापावर आहे की चापाच्या बाहेर सरळ ठेवलेले आहे? ज्याची नळी गप्पांच्या ओघात माणसांवरून फिरते, तो कितीही नावाजलेला असो, तिथून उठून यावे. तसेच पहिल्या पाव तासात भरलेली बंदूक हातात देऊन फोटो काढून देणाऱ्यापाशीही थांबू नये. चांगला शिक्षक पहिला दिवस रिकाम्या बंदुकीवरच घालवतो. मुलांना त्याचा कंटाळा येतो, येऊ द्यावा. आणि वास येत असलेल्या शिष्याला तो परत पाठवतो, मग तो पाटलाचा का असेना.

ठासणीच्या बंदुकीसाठी निराळे विचारायचे. या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही हे वरून दिसत नाही. म्हणून जाणते लोक गजावर दोन खुणा करून ठेवतात: एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज आत सोडला की कळते. ही खूण जो शिकवत नाही, त्याने ठासणी फारशी हाताळलेली नाही असे खुशाल समजा. अंधारात, घाईत भरलेल्यावर पुन्हा भरले तर नळी फुटते आणि ती तोंडाजवळ फुटते. दारू डब्यातून सरळ नळीत ओतायची नाही, मापाने घालायची. आत निखारा राहिला असेल तर सगळा डबाच पेट घेतो. बार फुसका गेला तर बंदूक खाली करून आत डोकावायचे नाही. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान एक मिनिट थांबायचे, कारण बार उशिरा उडू शकतो. काळ्या दारूने नळी गंजते, तेव्हा त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवायचा.

बारा बोअरच्या काडतुसाच्या बंदुकीतही एक मोठा घात आहे. वीस बोअरचे काडतूस बारीक असते. ते चुकून बारा बोअरमध्ये गेले तर घरंगळून नळीत पुढे अडकते, वरून रिकामे वाटते, मग माणूस मागून दुसरे भरतो आणि चाप ओढतो. पुढचे सांगायला नको. वडिलांच्या काळची बंदूक असेल तर नव्या लांब काडतुसांना तिचे घर पुरेल का, हेही शस्त्र दुरुस्त करणाऱ्या परवानाधारकाकडून तपासून घ्यावे.

आता जिवाची गोष्ट. रात्री मक्यात सळसळ होते, दोन डोळे चमकल्यासारखे वाटतात. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाचा जीव साथीदाराच्याच गोळीने गेला. तो मारणारा नेमाचा कच्चा होता असे कोण म्हणेल? समोर काय आहे ते ओळखले नाही, एवढेच. बारीक छर्ऱ्याचा भरवसा चाळीस मीटरपर्यंत, पण तो दोनशे मीटरपर्यंतही जातो आणि मोठा छर्रा त्याहून पुढे. त्या अंतरात शेजाऱ्याची जागल असते, पाण्याची पाळी धरायला निघालेला कोणी असतो. तेव्हा शिक्षकाला विचारा, अंधारात आणि पिकात न झाडायचे तुम्ही कसे शिकवता? ‘जनावर पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय बोट चापावर जात नाही’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले पाहिजे.

कायद्याचे चार शब्दही त्याच्या तोंडी हवेत. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर व रोही यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पिकाची नासाडी होत असली तरी मारण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी लागते. चोराच्या बाबतीत 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे, पण गरजेपुरताच. रात्री घर फोडून आत शिरणारा वेगळा आणि मोटारीची केबल घेऊन पळणारा वेगळा. पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडलीत तर कोर्टात तुम्ही उभे राहाल. ‘आधी उडवा, मग बघू’ म्हणणारा तारखेला तुमच्याबरोबर येत नाही. लग्नाच्या वरातीत जिवाला धोका होईल असा बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ताई-वहिनींनो, शिकायला घरचा पुरुष एकटा जात असेल तर एका दिवशी तुम्हीही बरोबर जा. झाडायचे नसले तरी बंदूक भरलेली आहे की रिकामी हे ओळखायला शिका. काडतुसे एका कुलपात, बंदूक दुसऱ्या कुलपात आणि पोरांच्या हाती किल्ली लागणार नाही, ही व्यवस्था बहुधा तुम्हीच चालवणार. आणि घरात कोणी कर्जापायी खचलेला असेल, रात्र-रात्र जागत असेल, नाहीतर दारूच्या नादी लागलेला असेल, तर परवाना मिळत असला तरी बंदूक घरात आणू नका. बंदूक असेलच तर ती तेवढ्या काळापुरती पोलीस ठाण्यात जमा करता येईल का, ते विचारून या. पिकाचे नुकसान भरून निघते.

शेवटी, सरावाला आपलीच बंदूक न्यावीशी वाटेल, पण निघण्याआधी परवान्यावरचे क्षेत्र वाचा. पीकसंरक्षणाचा परवाना बहुधा ठरावीक हद्दीपुरता असतो. क्लब दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर आधी लेखी परवानगी काढा, नाहीतर पहिले दिवस क्लबाच्याच बंदुकीवर शिका.