तीन वर्षांची फाइल

खुब्याच्या कृत्रिम सांध्यासोबत स्टिकरही येतात. कंपनी, मॉडेल, माप, लॉट नंबर, सगळे त्यावर छापलेले. एक केसपेपरवर चिकटतो, एक विम्याच्या बिलाला लागतो. रुग्ण घरी जातो तो डिस्चार्ज कार्ड घेऊन. त्यावर पुष्कळदा एवढेच असते: 'टीएचआर, उजवी बाजू', म्हणजे उजव्या खुब्याचा सांधा बदलला.

डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णाचे कागद 3 वर्षे जपले की पुरे. सांधा पंधरा-वीस वर्षे सहज चालतो. तो काढायची वेळ येईपर्यंत फाइल रद्दीत गेलेली असते, आणि तेही नियमात बसून.

मग नवा सर्जन एक्स-रे उजेडात धरून आत कोणाचा माल आहे ते ओळखत बसतो. ही हौस नव्हे. मांडीच्या हाडात बसवलेला दांडा ओढायचे हत्यार मॉडेलगणिक वेगळे. कमरेच्या हाडातली वाटी सोडवणारे वाकडे पाते मापाचे लागते, नाहीतर वाटीबरोबर हाडही निघते. कधी झिजलेली असते फक्त वाटी. दांडा हाडात पक्का मुरलेला. तो तसाच ठेवून वर नवा गोळा बसवता येतो. पण दांड्याच्या निमुळत्या टोकाला कोणता गोळा चालेल, हे मॉडेल कळल्याशिवाय कसे ठरवणार? ते नाही कळले, तर मांडीचे हाड उभे कापून धडधाकट दांडा उपटायची पाळी येऊ शकते. दोष दांड्याचा नाही, हरवलेल्या कागदाचा.

नागपूरला याची काळजी जास्त हवी. विदर्भात सिकलसेल आहे. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ऐन पंचविशी-तिशीत सांधा बदलावा लागू शकतो. अशा माणसाला आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागणार, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते. आज सरकारी मेडिकल कॉलेजात झालेले ऑपरेशन पुढच्या वेळी धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात होईल, नाहीतर पुण्यात. फाइल रुग्णामागे जात नाही.

कागद हरवले की काय होते, हे 'एएसआर' नावाच्या खुब्याच्या सांध्याने एकदा दाखवून दिले आहे. डीप्यू कंपनीने तो ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून मागे घेतला. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरत होते. ऑस्ट्रेलियातल्या सांधे-नोंदवहीत त्याचे अपयश आधीच दिसले होते. भारतात तो सुमारे 4,700 जणांना बसला. त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक जणांचा माग लागला नाही. केंद्राने 2018 मध्ये भरपाईचे सूत्र ठरवले, किमान 30 लाखांचे. घेणारे कुठे आहेत, हे मात्र कोणाच्या वहीत नव्हते.

रुग्णाने मागितल्यास 72 तासांत कागद द्यावेत, असेही तीच आचारसंहिता सांगते. टाके काढायला आलेल्या माणसाला 'स्टिकर मागून घ्या' असे कोणी सांगायचे, याबद्दल ती गप्प आहे.