विंचू उतरला, पण घाम?

विंचू चावला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "कळ कुठवर चढली?" गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, जांघेपर्यंत. मग उतरवणारा येतो. कळ खाली आली की विंचू उतरला म्हणून सगळे निर्धास्त. माझा आक्षेप या प्रश्नालाच आहे.

कळ हे मोजमापच चुकीचे. मोठा काळा विंचू चावला, किंवा लाल विंचवाने थोडेच विष सोडले, तर माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी बरा होतो. मंत्राची सारी कीर्ती अशाच रुग्णांवर उभी आहे. लाल विंचू घात करतो तो पायात नव्हे, छातीत.

हृदय, घाम आणि रक्तवाहिन्या आपल्याला न विचारता चालवणारी एक मज्जासंस्था आहे. हे विष तिला एकदम पेटवते. फेफऱ्याच्या मोठ्या झटक्यातही मेंदूतले वादळ याच नसांत उतरते, नाडी धावते, रक्तदाब चढतो. पण झटका थांबला की बहुधा काही मिनिटांत ते निवळते. विंचवाचे वादळ मात्र तासन् तास चालते. आधी उलटी, लाळ आणि कपडे भिजवणारा घाम. मुलगे व पुरुष यांच्यात लिंग ताठ राहते (लाजेपोटी हे कोणी सांगत नाही, सांगावे). मग हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि खोकल्यातून गुलाबी फेस येतो.

हे कोडे उलगडले ते आपल्याच मातीत. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब टिपून ठेवले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते अनुभव मांडले. मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे 2011 मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडच्या रुग्णांवरच दाखवून दिले की, गोळीसोबत विंचवावरची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. 2022 मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. आपण सत्कारही आनंदाने वाचले; पण विंचू चावल्यावर विचारायचा प्रश्न काही बदलला नाही.

तेव्हा वाचकहो, कळ विचारू नका. कपाळाला हात लावून पाहा, तळवे चाचपा. घाम आणि गारठा असेल, तर दुखत नसले तरी दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. गोळी मात्र घरी परस्पर देऊ नये. तिने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवे ठेवून नजरेखाली द्यावी लागते.

एक गोष्ट डॉक्टर मंडळींसाठीही. बधिरतेचे इंजेक्शन देऊन कळ थांबवायची आणि मुलाला घरी पाठवायचे, हेही एक प्रकारे विंचू उतरवणेच झाले. त्याला रात्रभर ठेवून घ्या. आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून रात्री अकराला कोणी मूल घेऊन आले, तर केंद्रात गोळी, लस आणि मुलाच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा छोटा पट्टा आहे का, एवढे गावकऱ्यांनी पावसाळ्याआधी जाऊन विचारून यावे.