पोंच उशिरा येणारें पत्र

अहिल्यानगराहून (आम्हां म्हाताऱ्यांच्या तोंडीं अजून नगरच) कल्याणच्या रस्त्यानें निघून आळेफाट्याला डावीकडे वळलें, कीं नारायणगांवाजवळ खोडदच्या परिसरांत तारांच्या जाळीच्या प्रचंड ताटल्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं ‘शियापारेली’ हें युरोपाचें यान मंगळावर उतरत असतां त्याच्या क्षीण रेडिओलहरी येथें टिपल्या गेल्या. आणि यान भूमीला टेकण्यापूर्वींच त्या थांबल्या. यान आपटून नष्ट झालें होतें. शेवटची लहर खोडदला पोंचली, तेव्हां ती निघाल्यास सुमारें पावणेदहा मिनिटें होऊन गेलीं होतीं!

या विलंबापुढेंच आपल्या घरांतील इंटरनेटची रीत हात टेकते. १९७४ सालीं व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनीं जिचा पाया घातला, ती टीसीपी पद्धति मोठी सभ्य आहे. आधीं ‘आहांत का?’ म्हणून विचारावयाचें, होकार आला कीं बोलावयाचें, आणि पाठविलेल्या मजकुराची पोंच मागावयाची. पोंच न आल्यास वाटेंत गर्दी झाली असें समजून वेग कमी करावयाचा. पृथ्वीवर हें योग्यच. परंतु मंगळ दूर असतां संदेशास एका दिशेनेंच बावीस मिनिटें लागतात. म्हणजे नुसत्या नमस्कार-चमत्कारांत पाऊण तास जावयाचा, आणि तोंवर यान ग्रहाच्या आड गेलेलें! शिवाय तेथें मजकूर हरवतो तो बहुधा गर्दीनें नव्हे, तर लहरींच्या क्षीणतेनें. वेग कमी करून काय साधणार?

सर्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ पासून जी दुसरी योजना आंखिली, ती माझ्यासारख्या पोस्टकार्डवाल्यास चटकन पटली. सर्व मजकुराचें एक गाठोडें बांधावें, त्यावर पुरता पत्ता घालावा. वाटेवरच्या ठाण्यानें तें जपून ठेवावें, व पुढची वाट मोकळी झाली कीं पुढें धाडावें. २००८ सालीं नासानें सुमारें ३ कोटि २० लक्ष किलोमीटरांवरील यानाशीं हा प्रयोग करून पाहिला. २००७ च्या नियमावलींत ताबा घेण्याचीहि सोय होती: पुढच्या ठाण्यानें जबाबदारी पत्करल्यावरच मागच्यानें आपली प्रत टाकावी. २०२२ च्या आवृत्तींत ती मूळ नियमांतून वगळली, आणि दोन ठाण्यांमधील खात्रीचें काम खालच्या यंत्रणेवर सोंपविलें. त्यामुळें नियम सुटसुटीत झाले खरे, पण मला तें रुचलें नाहीं. उत्तरपत्रिकांचें एक गाठोडें सही न घेतां हातोहात दिलेलें मीं पाहिलें आहे. तें सांपडलें नाहीं, आणि निरपराध मुलांस पुन्हां परीक्षेस बसावें लागलें.

कांहीं तज्ज्ञ म्हणतात, गाठोडीं नकोत. २०२१ सालीं प्रमाण ठरलेली ‘क्विक’ पद्धति घ्या आणि तिचीं घड्याळें लांबवा. घड्याळ लांबवितां येईल. पण यान ग्रहाआड असतां निघालेला मजकूर कोणा ना कोणा ठाण्यास सांभाळून ठेवावाच लागेल, आणि तो सांभाळण्यास तेथें जागा किती, हा हिशेब त्यांनाहि चुकलेला नाहीं.