विश्लेषण : जुनी गाडी घ्यायची तर पद्मिनी की अ‍ॅम्बेसेडर?

अमेरिकेतले जुन्या गाड्यांचे शौकीन मस्टँग भारी की कॅमेरो, यावर जवळपास साठ वर्षे भांडत आहेत. मिरजेत हाच वाद ‘पद्मिनी की अ‍ॅम्बेसेडर’ असा रंगतो. उत्तर एकाच गोष्टीवर ठरते. गाडी चालवायची आहे की जपायची?

दोन्ही गाड्यांचे मूळ काय?
विश्रामबागच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या अमेरिकी गाड्या जोडल्या जात. पुढे तिथेच फियाट ११०० तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. अ‍ॅम्बेसेडर मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. ती बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत बनत होती.

चालवायला कोणती?
पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे. गाडी आटोपशीर, त्यामुळे लक्ष्मी मार्केटच्या गर्दीत सहज वळते. मात्र कडक उन्हात पेट्रोलची वाफ धरून बंद पडण्याची तिची खोड जुनीच. अ‍ॅम्बेसेडर जड, पण ऐसपैस. नव्वदच्या दशकात तिला इसुझूचे १.८ लिटर इंजिन आणि पाच गिअर मिळाले. पंढरपूरला कुटुंबासह जायचे असेल, तर हीच घ्यावी.

संग्रहासाठी कोणती?
आमचे मत पद्मिनीला. ती महाराष्ट्राच्या उद्योगाची खूण आहे आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही २०२३ मध्ये गेली.

नियम काय सांगतो?
खासगी गाडीच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण मग तिचा रोजचा वापर बंद. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणून रविवारी सांगलीला चक्कर मारायची हौस असेल, तर हा अर्ज करण्याआधी दहादा विचार करा.

घेताना काय पाहावे?
आपल्याकडे २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचा पूर आला. त्यामुळे रंगाच्या चकाकीवर भाळू नका. मॅट उचलून पत्रा पाहा, दरवाज्यांच्या आतला गाळ आणि वायरिंग तपासा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, त्या बदलून घ्या. आरसी बुकवरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीशी जुळवल्याशिवाय विसार देऊ नका.

भाव वाढेल या आशेने यातली कोणतीही गाडी घेऊ नये. दुरुस्तीचा खर्च तो नफा गिळतो. कुपवाडच्या लेथवर सुटा भाग घडवून घेण्याइतकी चिकाटी असेल, तरच या वाटेला जावे.